बॉल नेमका कुठे होता?

सेंटर बॅकनं आपल्याच बॉक्समध्ये बॉल पायाखाली दाबून धरलाय. समोरून दोन फॉरवर्ड अंगावर धावून येतायत आणि हा पठ्ठ्या आरामात मान वर करून कुणाला पास देऊ ते बघतोय. टीव्हीसमोर आपला जीव वरखाली. तो निसटला तर आपण त्याला डोक्यावर घेतो, बॉल गेला तर रात्रभर ग्रुपवर त्याचा उद्धार करतो. हल्ली मोठमोठे कोच डिफेंडरकडून हेच मागतात, म्हणून हा प्रकार आपल्याला आजचा वाटतो. ब्राझीलमध्ये मात्र त्याला फार जुना शब्द आहे. डोमिंगाडा. आधी तो शब्द कौतुकानं वापरला जायचा. नंतर त्याचा अर्थ घसरत घसरत डिफेंडरनं नको तिथे केलेली नको ती हुशारी, असा झाला.

हा शब्द ज्याच्या नावावरून पडला तो डोमिंगोस दा गिया. ब्राझीलच्या जुन्या जाणत्या फॅन्सना विचारलं असतं, तर त्यांनी त्याला देशाचा सर्वात मोठा डिफेंडर म्हटलं असतं आणि पुढच्याच श्वासात १९३८ च्या त्या पेनल्टीची आठवण काढली असती. कोल्हापुरात वर्ल्डकपच्या दिवसांत पिवळा झेंडा लावणाऱ्या मंडळींना पेले, गारिंचा, रोनाल्डो सगळे पाठ असतात. डोमिंगोसचं नाव मात्र फारसं निघत नाही. साहजिक आहे म्हणा, कारण डिफेंडर कुणाच्या लक्षात राहतात? आणि हा तर पेलेच्या जन्माआधीचा स्टार.

डोमिंगोसचा जन्म १९ नोव्हेंबर १९१२ चा, रिओ दि जानेरोच्या पश्चिमेला असलेल्या बांगू या वस्तीतला. बांगू म्हणजे रिओचं गिरणगाव. कापडगिरणी, तिच्या भोवती कामगारांची घरं आणि गिरणीतल्या इंग्रज साहेबांनी १९०४ मध्ये काढलेला फुटबॉल क्लब. इंग्रज मोजकेच होते, अकरा गडी पुरे पडेनात, मग त्यांनी कामगारांना टीममध्ये घेतलं. त्यात कृष्णवर्णीय कामगारही आले. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८८ मध्ये. म्हणजे डोमिंगोस जन्मला तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम चोवीस वर्षं झाली होती. रिओचे बडे क्लब तेव्हा गोऱ्या श्रीमंतांचे होते. फ्लुमिनेन्से क्लबातल्या एका सावळ्या खेळाडूनं मॅचआधी चेहऱ्याला तांदळाची पावडर फासली आणि घामानं ती ओघळली, अशी एक गोष्ट तिथे अजून सांगतात. १९२३ मध्ये वास्को द गामा क्लबनं कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे खेळाडू घेऊन रिओची लीग जिंकली. (हो, आपल्या गोव्यातल्या वास्को शहराला ज्याचं नाव आहे तोच हा वास्को. हा क्लब पोर्तुगालहून आलेल्या लोकांचा.) दुसऱ्याच वर्षी बड्या क्लबांनी वेगळी लीग काढली आणि वास्कोला सांगितलं की बारा खेळाडू काढा, मगच या. वास्कोनं साफ नकार दिला. डोमिंगोस तेव्हा अकरा वर्षांचा होता.

दा गियांचं घर म्हणजे बांगू क्लबची नर्सरीच. लादिस्लाऊ, मेदियो, लुईझ अँतोनियो हे डोमिंगोसचे भाऊ बांगूकडून खेळले. लादिस्लाऊ तर क्लबच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. धाकट्या डोमिंगोसला मात्र फुटबॉलची भीती वाटायची. भीती हरण्याची नव्हती. मैदानात कृष्णवर्णीय खेळाडूला मार खाताना त्यानं लहानपणी अनेकदा पाहिलं होतं. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला धक्का लागला, फाऊल झाला, कधी त्याहूनही किरकोळ काहीतरी घडलं, की लोक तुटून पडायचे. डिफेंडरचं तर कामच समोरच्याला अडवायचं. त्याला न लागता, न पाडता अडवायचं कसं?

यावर थोरल्या भावानं तोडगा सुचवला. मांजरासारखा राहा, ते कसंही पडलं तरी चार पायांवरच पडतं. आणि तू नाचतोस चांगला, मग तसाच खेळ. डोमिंगोस खरोखरच चांगला नाचायचा. मिउदिन्यो नावाचा सांबाचा एक प्रकार आहे, त्यात पावलं अगदी बारीक बारीक टाकतात. कंबर हलते, पाय जमिनीलगत राहतात. ती पावलं त्यानं मैदानात आणली. समोरचा अंगावर आला की हा इंचभर इकडे, इंचभर तिकडे, आणि बॉलसकट बाजूला. धक्का नाही, फाऊल नाही, भांडण नाही.

पुढे लोक ज्याला त्याची शान म्हणाले, एलेगन्स म्हणाले, त्याचं मूळ या भीतीत होतं. म्हातारपणी मुलाखतींमध्ये त्यानं स्वतःच हे मोकळेपणानं सांगितलं. मला तरी त्याच्या ड्रिबलिंगपेक्षा हा मोकळेपणा जास्त भारी वाटतो.

आता त्या काळचा फुटबॉल डोळ्यांसमोर आणा. फॉर्मेशन २-३-५. पाच फॉरवर्ड, तीन हाफ आणि मागे फक्त दोन फुल-बॅक. चामड्याचा जड बॉल, पाऊस पडला की आणखी जड. सब्स्टिट्यूट नाहीत. मागच्या दोघांनी काय करायचं हे ठरलेलं होतं, बॉल दिसला की हाणायचा, जितका लांब जाईल तितका बरा. डोमिंगोस हाणायचाच नाही. तो बॉल काढून घ्यायचा, थांबायचा, अंगावर येणाऱ्या फॉरवर्डला चकवायचा, कधी दुसऱ्यालाही चकवायचा आणि मग आपल्या हाफला पायात पास द्यायचा. मागे गोलकीपरशिवाय कुणी नाही! हे रोज बघणाऱ्या फॅन्सचं काय होत असेल, याचा विचार करा. त्यांनी या सवयीला नाव ठेवलं, डोमिंगाडा.

वयाच्या विशीत त्याचं नाव देशाबाहेर गेलं. ४ डिसेंबर १९३२ ला माँटेव्हिडिओत ब्राझीलनं उरुग्वेला २-१ असं हरवलं. उरुग्वे तेव्हा वर्ल्डचॅम्पियन, आणि मॅच त्यांच्याच अंगणात. दोन्ही गोल लिओनिदास या तरुण कृष्णवर्णीय फॉरवर्डचे, आणि मागे भिंतीसारखा डोमिंगोस. उरुग्वेवाल्यांनी दोघांनाही ठेवूनच घेतलं. लिओनिदास पेन्यारोलकडे गेला, डोमिंगोस नासिओनालकडे. ब्राझीलमध्ये तेव्हा फुटबॉल कागदोपत्री हौशी होता, पैसे टेबलाखालून. उरुग्वेत ते उघड मिळत होते. डोमिंगोसला आपली किंमत माहीत होती आणि ती मागायला तो कधी लाजला नाही. त्याला गर्विष्ठ म्हणणारे होते. कामगारवस्तीतून आलेल्या मुलानं पैशांची गोष्ट स्पष्ट बोलली की हा शब्द लगेच चिकटतो, असो.

नासिओनालचं १९३३ चं विजेतेपद, वास्को द गामासोबत १९३४ ची रिओची लीग, बोका ज्युनियर्ससोबत १९३५ ची अर्जेंटिनाची लीग. तीन सीझन, तीन देश, तीन विजेतेपदं. लोक त्याला दैवी गुरू म्हणायला लागले. १९३४ च्या वर्ल्डकपला मात्र तो नव्हता. हौशी आणि व्यावसायिक अशा संघटनांच्या भांडणात ब्राझीलनं अर्धवट टीम पाठवली होती. ती जेनोआत स्पेनकडून ३-१ अशी हरली आणि एकाच मॅचनंतर स्पर्धेबाहेर गेली.

१९३६ मध्ये तो फ्लामेंगोला आला. तिथे लिओनिदास आणि फाउस्तो हेही होते. तीन कृष्णवर्णीय सुपरस्टार एकाच टीममध्ये! गोऱ्या, श्रीमंत क्लबातून फुटून निघालेला फ्लामेंगो रिओच्या गरीब वस्त्यांचा लाडका झाला, त्यात या तिघांचा वाटा मोठा. फाउस्तो पुढे १९३९ मध्ये क्षयानं गेला.

आणि मग १९३८ चा वर्ल्डकप. यजमान फ्रान्स.

पहिल्यांदाच ब्राझीलनं खऱ्या अर्थानं आपली सर्वोत्तम टीम पाठवली. पहिल्यांदाच मॅचेसची कॉमेंट्री समुद्रापलीकडून थेट ब्राझीलमध्ये ऐकू येणार होती. गाग्लियानो नेतो नावाचा एकटा कॉमेंटेटर माइकसमोर. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांच्यासाठी चौकाचौकांत लाऊडस्पीकर लागले. पोलंडविरुद्धची मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये ६-५ अशी जिंकली. मग बोर्डोत चेकोस्लोव्हाकियाशी फुटबॉल कमी आणि हाणामारी जास्त. तीन खेळाडू बाहेर काढले गेले, चेक टीमच्या दोघांची हाडं मोडली, स्कोअर १-१. दोन दिवसांनी मॅच पुन्हा झाली, ब्राझीलनं २-१ अशी जिंकली. त्यानंतर पुन्हा दोनच दिवसांनी, १६ जूनला, मार्सेमध्ये सेमीफायनल. समोर वर्ल्डचॅम्पियन इटली.

लिओनिदास खेळणार नव्हता, जखमी होता. फायनलसाठी त्याला राखून ठेवलं, अशी कंडीही तेव्हा पिकली आणि कायम पिकत राहिली. डोमिंगोसच्या वाट्याला आला सिल्वियो पिओला. इटलीचा सेंटर फॉरवर्ड, उंच, ताकदीचा, कोपर आणि खांदा कसा वापरायचा हे पक्कं ठाऊक असलेला. दोघांचं पहिल्यापासून जुंपलं. रेफ्रीची पाठ फिरली की टाचेवर पाय, बरगडीत कोपर. असलं काही अंगाला लावून न घेण्यावरच डोमिंगोसचं अख्खं करिअर उभं होतं.

हाफ टाइमनंतर सहाव्या मिनिटाला इटलीनं गोल केला, कोलाउस्सीचा. आणि साठाव्या मिनिटाला ते घडलं. बॉल दुसरीकडे होता. बॉक्समध्ये पिओला आणि डोमिंगोस एकमेकांजवळ. डोमिंगोसनं पिओलाला लाथ मारली. पिओला कोसळला. स्विस रेफ्री वुथ्रिशनं थेट पेनल्टी स्पॉटकडे बोट दाखवलं.

पेनल्टी घ्यायला आला कॅप्टन मिआत्झा. त्याच्या चड्डीचं इलॅस्टिक तुटलं होतं आणि एका हातानं चड्डी धरून त्यानं किक मारली, असं सांगतात. गोल झाला, २-० झाले. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला रोमेऊनं ब्राझीलचा एक गोल फेडला आणि मॅच २-१ अशी संपली.

आता हिशेब करा. ब्राझीलमधल्या प्रत्येक फॅननं तो केला. पेनल्टी वजा केली तर १-१.

मजा म्हणजे, ज्या गोष्टीवरून देशभर वाद पेटला ती देशात कुणीच पाहिली नव्हती. सगळ्यांनी ती चौकात उभं राहून, खरखरत्या लाऊडस्पीकरवर ऐकली होती. ब्राझीलवाल्यांचं म्हणणं असं की बॉल तेव्हा मैदानाबाहेर गेला होता, खेळ थांबलेला होता, मग पेनल्टी कसली? नियमाच्या भाषेत हा मुद्दा बिनतोड आहे. बॉल खेळात असेल तर तो कुठेही असो, अगदी पलीकडच्या हाफमध्ये असला तरी, डिफेंडरनं आपल्या बॉक्समध्ये प्रतिस्पर्ध्याला लाथ मारली की पेनल्टी. बॉल बाहेर असेल तर मात्र डिफेंडरला हाकला, पेनल्टी देता येत नाही. म्हणजे सगळं येऊन ठेपलं एकाच प्रश्नावर, त्या क्षणी बॉल कुठे होता? आज व्हीएआरनं दोन मिनिटांत निकाल लावला असता (आणि आपण त्यावरही भांडलो असतो). तेव्हा रेफ्रीचा शब्द शेवटचा होता आणि रेफ्रीच्या मते बॉल खेळात होता.

मला विचाराल तर बॉल बाहेर होता म्हणून लाथ माफ होत नाही. डोमिंगोसला हे कळत नसेल असंही नाही. वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये, एका गोलनं मागे असताना, स्वतःच्या बॉक्समध्ये हा हिशेब चुकता करायचा नसतो, हे दहावीतल्या टीमच्या फुल-बॅकलाही माहीत असतं. पण पंचविशीतल्या त्या माणसाच्या अंगात लहानपणापासूनचं किती साचलं असेल, तेही बघायला हवं. लागू द्यायचं नाही, उलटून मारायचं नाही, मांजरासारखं निसटायचं. ज्या एका दिवशी त्यानं हे पाळलं नाही, तोच दिवस लोकांनी लक्षात ठेवला.

तीन दिवसांनी बोर्डोत ब्राझीलनं स्वीडनला ४-२ असं हरवून तिसरा नंबर मिळवला. लिओनिदास परत आला होता, सात गोलांसह तोच वर्ल्डकपचा टॉप स्कोअरर ठरला. डोमिंगोसही खेळला. घरी परतल्यावर टीमचं स्वागत जोरात झालं, फ्लामेंगोच्या लोकांनी डोमिंगोसला टाकलं वगैरे अजिबात नाही. १९३९, १९४२ आणि १९४३ मध्ये त्यानं त्यांना रिओची लीग जिंकून दिली. समाजशास्त्रज्ञ गिल्बर्टो फ्रेयर यांनी तर त्याची तुलना माशादो दि असिस या ब्राझीलच्या थोर कादंबरीकाराशी केली. दोघंही मिश्र वंशाचे, दोघांचीही शैली थंड, नेमकी, न ओरडता बोलणारी. एका फुल-बॅकसाठी ही दाद काय छोटी आहे?

पण वर्ल्डकपचं दार बंद झालं ते झालंच. महायुद्धामुळे १९४२ चा वर्ल्डकप नाही, १९४६ चाही नाही. चूक धुऊन काढायची संधी मिळाली असती तर एकोणतीस ते तेहेतीस या वयात, म्हणजे डिफेंडरच्या ऐन बहराच्या काळात. १९४४ मध्ये तो साओ पाउलोच्या कोरिंथियन्सकडे गेला. त्याच वर्षी फ्लामेंगोनं सलग तिसरं विजेतेपद जिंकलं, त्याच्याविना. कोरिंथियन्सला त्याच्या काळात राज्याची लीग जिंकता आली नाही. पाय जड झाले होते, पण लोक त्याचं डोकं बघायला यायचे. धावायचं कमी, उभं कुठे राहायचं ते आधीच ओळखायचं. शेवटी तो बांगूला परतला आणि १९४८ मध्ये तिथेच थांबला, सुरुवात केली त्याच क्लबात.

दोन वर्षांनी वर्ल्डकप परत आला, आणि तोही त्याच्याच शहरात. १६ जुलै १९५०, माराकाना, उरुग्वेकडून २-१ असा पराभव. ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. गोलकीपर बार्बोसा आणि डावीकडचा डिफेंडर बिगोदे, दोघंही कृष्णवर्णीय, आणि देशानं खापर फोडलं ते मुख्यतः त्यांच्यावर. बिगोदेबद्दल एक अफवा उठली की उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलियो वारेला यानं त्याच्या थोबाडीत मारली आणि यानं मुकाट खाल्ली. संबंधित दोघांनीही हे नाकारलं, पण अफवेला काय त्याचं? लोक म्हणायला लागले, याच्यात हिंमत नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. १९३८ मध्ये दोष कुणाचा? ज्यानं उलटून मारलं त्याचा. १९५० मध्ये? ज्यानं उलटून मारलं नाही त्याचा. डोमिंगोसच्या लहानपणी बांगूच्या मैदानात जो नियम होता, त्याहून हा फार वेगळा होता असं वाटत नाही.

डोमाडोमात न रमलेला डोमिंगोस पुढे शांतपणे जगला. पेनल्टीचा विषय निघाला की त्याचं उत्तर कधी बदललं नाही. पिओलाला मारलं, हे तो नाकारायचा नाही. बॉल मात्र बाहेर होता, यावर तो ठाम राहिला.

त्याचा मुलगा आदेमिर १९४२ चा. तोही बांगूतच तयार झाला आणि नंतर गेला कुठे, तर पाल्मेइरासकडे. बाप ज्या कोरिंथियन्सकडून खेळला त्यांचे हाडवैरी! मिडफिल्डर म्हणून आदेमिर तिथे नऊशेच्या घरात मॅचेस खेळला. तीच थंड चाल, तीच घाई न करण्याची सवय, इतकी की त्याला संथ म्हणणारेही कमी नव्हते. लोकांनी त्यालाही नाव दिलं, दिव्य. ब्राझीलच्या टीममध्ये मात्र त्याला फारसं घेतलंच नाही. १९७४ च्या वर्ल्डकपमध्ये तो आख्खी स्पर्धा बाकावर बसून होता. खेळला एकच मॅच, तीही पूर्ण नाही, म्युनिकमध्ये पोलंडविरुद्ध. ती मॅच होती तिसऱ्या क्रमांकाची, बाप छत्तीस वर्षांपूर्वी जिंकला होता तीच. ब्राझील १-० अशी हरली.

डोमिंगोस १८ मे २००० रोजी रिओमध्ये गेला, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन. मार्सेच्या त्या टीममधले आणि ती मॅच लाऊडस्पीकरवर ऐकणारेही तोवर बरेच गेले होते. डोमिंगाडा हा शब्द मात्र राहिला. आजही ब्राझीलमध्ये एखादा डिफेंडर बॉक्समध्ये जास्तच रेंगाळला, की तो वापरतात. बॉल गमावला असेल तर चिडून आणि निसटला असेल तर हसत.